हॉट रॉडसाठी आणलेली जुनी बॉडी: कुठला पत्रा कुठल्या गाडीचा, कसं ओळखायचं

हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीचे पत्रे कापून-जुळवून मोठं इंजिन घातलेली गाडी, बनवायला जुनी बॉडी विकत घेतली की पोरं पहिल्या आठवड्यातच तिला सँडब्लास्टिंगला पाठवतात. गंज उडतो, पत्रा पांढरा होतो, फोटो झकास येतात. पण त्या वाळूबरोबर रंगाचे जुने थर जातात, बारीक ठोकलेले नंबर जातात, बुजवलेल्या भोकांच्या खुणा जातात आणि आतला गाळही जातो. म्हणजे ही बॉडी कुठून आली, कुणी जोडली, कशाला काय लावलं हे सांगणारं सगळंच जातं. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच आहे: ओळख पटेपर्यंत ब्लास्टिंग नको, ग्राइंडर नको, कटर तर नकोच. डिझेल, जुना ब्रश, फडकी, चुंबक, दोरा, ओळंबा, मेजर टेप, जाड पुठ्ठा, चारशे नंबरचा पॉलिश पेपर आणि एक वही, एवढ्यावर काम भागतं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं डेंटिंगचं दुकान आहे. दादांच्या हाताखाली पत्रा ठोकायला शिकलो आणि जुन्या गाड्यांचा नाद तिथंच लागला. आपल्या गावात जुनी बॉडी सरमिसळ असण्याचं कारण सरळ आहे. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शेवरोले जुळवत होती, फोर्डचीही जुळणी मुंबईत होत असे. १९५३-५४ च्या सुमारास दोघांनी काम आवरलं. नवे पत्रे यायचे थांबले, पण गाड्या तर पळवायच्या होत्या. मग दार मोडलं की दुसऱ्या गाडीचं बसवायचं, मडगार्ड सडलं की बॅरलचा पत्रा ठोकून नवीन करायचं. उद्यमनगरात लेथ, फौंड्री, पॅटर्नवाला सगळे हाकेच्या अंतरावर, त्यामुळं इथल्या मिस्त्रींना अशक्य असं काही नव्हतं. त्यांचं काम इतकं सफाईचं आहे की आज दोन गाड्यांचा सांधा सापडायला डोळा लागतो.

आणि सरमिसळ असणं हा हॉट रॉडमध्ये दोष नाही, हेही आधीच सांगतो. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पोरांनी फोर्डचे मडगार्ड काढून, मोठं इंजिन घालून ज्या गाड्या पळवल्या, त्या जुळवाजुळव करूनच झालेल्या होत्या. फोर्डच्याच मॉडेल ए गाडीच्या बॉडीखाली १९३२ ची चासी घालणं ही तर तिथली मान्य रीत. फरक एवढाच की त्यांना काय कशाला लावतोय ते ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक हवं, कारण न ओळखता कापलेला पत्रा परत मिळत नाही आणि न ओळखता जोडलेलं दार जन्मभर नीट बसत नाही.

सुरुवात काऊलपासून

बॉनेट जिथं संपतं आणि पुढची काच जिथं सुरू होते, त्यामधला भाग म्हणजे काऊल. बॉडी कुठल्या गाडीची हे ठरवताना मी काऊललाच बॉडी मानतो. दारं, मडगार्ड, बॉनेट, जाळी हे सगळं बोल्टवर आहे, दुपारभरात बदलता येतं. काऊलमध्ये मात्र काचेचे खांब, दाराचे पुढचे पिलर, फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधला पत्रा), स्टिअरिंगचं भोक, चासीला बसणारे पाय असं सगळं एकत्र आलेलं असतं. ते बदलायचं तर निम्मी गाडी नव्यानं बांधावी लागते. म्हणून बाकी सगळं बदललं तरी काऊल बहुधा मूळचंच राहतं. आधी त्याची ओळख पटवा आणि मग एकेक पत्रा त्याच्यापुढं उभा करून विचारा, तू याचा का?

फोर्डमध्ये हे काम सोपं आहे. मॉडेल ए, म्हणजे १९२८ ते १९३१, हिच्यात पेट्रोलची टाकी काऊलमध्येच आहे. काऊलचा वरचा पत्रा हाच टाकीचा वरचा पत्रा. पुढच्या काचेच्या अगदी समोर मधोमध टाकीचं झाकण असतं. १९३२ पासून टाकी मागं गेली आणि काऊलवरचं झाकण गेलं. काऊलच्या माथ्यावर मधोमध गोल भोक असेल, किंवा भोक बुजवल्याची गोल खूण असेल, तर समोर मॉडेल ए आहे. विकणारा काहीही म्हणो. त्यातही १९२८-२९ आणि १९३०-३१ असे दोन गट आहेत. पहिल्या गटाचं नाक बुटकं आणि गोलसर. दुसऱ्याचं रेडिएटरचं कवच उंच, स्टेनलेसचं, आणि बॉनेट-काऊलच्या सांध्यावर स्टेनलेसची पट्टी. एका गटाचं बॉनेट दुसऱ्याच्या काऊलवर सुखानं बसत नाही. जबरदस्तीनं बसवलेलं असेल तर कडेला ठोकल्याच्या खुणा दिसतातच.

इथं थांबून एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. मॉडेल ए चं काऊल म्हणजे पेट्रोलची टाकी आहे. तीस-चाळीस वर्षं कोरडी असली तरी आतल्या सांध्यांत आणि गंजात पेट्रोलचा अंश धरून राहतो. त्यावर गॅसची ज्योत, वेल्डिंगची ठिणगी किंवा ग्राइंडर गेला तर स्फोट होऊ शकतो. ओळख पटवायच्या नादात “जरा खरवडून बघू” म्हणून ग्राइंडर लावू नका. टाकी आधी काढा, ज्याला टाकीचं काम येतं अशा माणसाकडून नीट धुऊन घ्या आणि तिच्यावर वेल्डिंग करायचंच असेल तर तेही त्याच्याच हातून करून घ्या. “रिकामी हाय की” हे कारण मी दुकानात कुणाकडून ऐकून घेत नाही.

एक बॉडी जवळून

गडहिंग्लजकडचा एक पोरगा टेम्पोत बॉडी घालून आला. म्हणाला, “मामा, चौतीसची फोर्ड हाय. आज्ज्याच्या दोस्ताकडनं घेतलीया.”

“चौतीसची कशावरनं म्हणतोस बाळा?”

“बॉनेट बघा की. दोन हँडलं हायत.”

पोरानं वाचलेलं होतं आणि वाचलेलं खरं होतं. १९३३ आणि १९३४ ची फोर्ड लांबून सारखीच दिसते. पण १९३३ च्या बॉनेटला बाजूला एक हँडल आणि हवेच्या चिरा किंचित वाकलेल्या, तर १९३४ ला दोन हँडलं आणि चिरा सरळ. जाळीही १९३३ ची वाकदार, १९३४ ची जास्त सपाट. त्या दृष्टीनं ते बॉनेट १९३४ चंच होतं. मी त्याला बॉनेट सोडून काऊलपाशी आणलं.

डिझेलनं पुसून घेतल्यावर काचेसमोर मधोमध एक गोल सावली दिसली. बोट फिरवलं तर कडेला केसाएवढी पायरी लागली. कानशीचे दोन हलके हात मारले आणि खालून पिवळं चमकलं. पितळाचा सांधा. कुणी तरी टाकीचं भोक गोल चकतीनं बुजवून पितळ ओढलेलं होतं. डॅशखाली बॅटरी मारली तर टाकी कापून काढलेली, तिची कड तेवढी शिल्लक. म्हणजे काऊल मॉडेल ए चं, आणि सांध्यावरच्या पट्टीच्या खुणेवरून १९३०-३१ चं.

मग बॉनेटकडं वळलो. मॉडेल ए चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साडेएकशेतीन इंच आणि १९३४ चा एकशेबारा. १९३४ चं लांब बॉनेट या काऊलपुढं मावणारच नाही. मग बसलं कसं? शेवटच्या चिरेपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर बघितलं. पुढच्या टोकाला चिर सुरू होण्याआधी भरपूर पत्रा होता, मागं मात्र चिर संपते न संपते तोच कड. आणि ती कड कारखान्यात दुमडलेली नव्हती, छिन्नीनं कापून कानस मारलेली होती. मागून कापून आखूड केलेलं बॉनेट ओळखायची ही खात्रीची खूण आहे. कारखाना चिरांची रांग अशी कडेला नेऊन टेकवत नाही.

दारं तर फोर्डचीसुद्धा नव्हती. आतला पुठ्ठा काढला तर पत्र्याच्या दुमडीला ओळीनं खिळ्यांची भोकं आणि बिजागरीपाशी लाकडाच्या स्क्रूचे अवशेष. जनरल मोटर्सच्या बॉडी फिशर कंपनी बनवायची. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात शेवरोलेचा सांगाडा लाकडाचा असे आणि त्यावर पत्रा खिळवलेला असे. सगळी पोलादी बॉडी शेवरोलेला १९३७ पासून आली. फोर्ड त्यामानानं खूप आधी पोलादाकडं वळली. तेव्हा दारात, पिलरात, दुमडीत लाकूड किंवा खिळ्यांची रांग दिसली की ते दार बहुधा फोर्डचं नाही असं धरून चाला. छतातलं लाकूड मात्र पुरावा मानू नका. १९३६ पर्यंत फोर्डच्या छताच्या मधल्या भागातही लाकडाच्या पट्ट्यांवर कापड असे, पूर्ण पोलादी छत १९३७ ला आलं. शेवरोलेवाल्यांनी ते १९३५ पासून आणायला सुरुवात केली.

पोराचं तोंड उतरलं. मी म्हटलं, “अरे, तुझ्याकडं खरं मॉडेल ए चं काऊल हाय, ते वाईट व्हय?”

दार बसतंय म्हणजे ते तिथलंच असं नव्हे

लोक फट बघतात. दार आणि पिलरमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली की खूश. पण फट सारखी करणं हे डेंटरचं रोजचं काम आहे. कड खेचता येते, पट्टी लावता येते, लांबी (पुट्टी) भरता येते. फसवता येत नाही ती पत्र्याची गोलाई.

त्यासाठी जाड पुठ्ठा घ्या. काऊलच्या मागच्या कडेवर, म्हणजे दार जिथं टेकतं तिथं, पुठ्ठा उभा धरून गोलाईप्रमाणं कापत चला, पुठ्ठा वरपासून खालपर्यंत चिकटून बसेपर्यंत. आता तोच पुठ्ठा दाराच्या पुढच्या कडेवर धरा. मूळ दार असेल तर पुठ्ठा तिथंही चिकटतो. परकं दार असेल तर कमरेपाशी किंवा खालच्या वळणावर उजेड दिसतो. हाच पुठ्ठा दुसऱ्या बाजूच्या काऊलवर उलटा करून लावा. दोन्ही बाजूंची गोलाई एक असेल तर काऊल धड आहे. नसेल तर गाडीला कधी तरी जोरात ठोकर बसली आहे. दाराच्या मागच्या कडेला आणि पाठीमागच्या पत्र्यालाही असाच वेगळा पुठ्ठा करा.

दुसरी परीक्षा दोऱ्याची. जुन्या गाड्यांना काचेखालून एक उठावाची रेघ पुढून मागं जाते. बॉनेटच्या टोकापासून मागच्या पत्र्यापर्यंत दोरा ताणा आणि त्या रेघेवर धरा. कारखान्यातली रेघ सगळीकडं एकाच रुंदीची आणि एकाच उठावाची असते. परक्या दाराची रेघ दोऱ्याशी जुळली तरी रुंदीला दोन-तीन मिलिमीटरनं चुकते, किंवा तिची कड बोथट असते. हातानं ठोकलेली रेघ बोटाला लगेच कळते, तिच्यात हातोडीच्या लाटा असतात.

मग बिजागऱ्या. दार ज्या पिलरला लागलंय त्याच्या विरुद्ध पिलरकडं नीट बघा. १९३३-३४ च्या फोर्डची दारं मागून बिजागरलेली, म्हणजे उलटी उघडणारी. कुणी ती फिरवून पुढून लावली असतील तर मागच्या पिलरमध्ये बिजागरीचे जुने खाचे बुजवलेले सापडणारच. दाराच्या चौकटीचे कर्णही मोजा, दोन्ही बाजूंचे. उजवा-डावा फरक पाच मिलिमीटरच्या वर गेला की मी ओळंबा लावून पिलर तपासतो.

मडगार्ड, चाकं आणि चासी

फोर्डच्या चाकांचा क्रम पाठ करून ठेवा: १९२८-२९ ला एकवीस इंच, १९३०-३१ ला एकोणीस, १९३२ ला अठरा, १९३३-३४ ला सतरा आणि १९३५ पासून सोळा. चाक बदललेलं असतंच, पण मडगार्डची गोलाई त्या चाकासाठी काढलेली असते. पुठ्ठ्याचं गोल वर्तुळ करून मडगार्डखाली धरलं की ते कुठल्या काळचं याचा अंदाज येतो. १९३२ पर्यंतच्या फोर्डच्या पुढच्या मडगार्डला बाजूनं खाली येणारा पडदा नाही, खालून आतलं सगळं दिसतं. १९३३ पासून पडदा आला. १९३२ ची चासी तर बाजूनं उघडीच दिसते आणि तिच्यावर उठावाची रेघ ठोकलेली आहे. अशी चासी सापडली तर तिला कापायचा विचारही करू नका, हॉट रॉडवाल्यांत तिच्याइतका मान दुसऱ्या कशालाच नाही.

मॉडेल ए च्या काळात मडगार्ड सहसा काळ्या एनॅमलचे असत, बॉडी कुठल्याही रंगाची असो. त्यामुळं मॉडेल ए चं म्हणून दिलेल्या मडगार्डला अगदी तळाच्या थरात काळा न सापडता वेगळाच रंग सापडला तर मी सावध होतो.

चाकाच्या बोल्टवरून घाई करू नका. बहुतेक जुन्या फोर्डचे पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळावर आहेत, आणि विलीज-महिंद्रा जीपचेही अगदी तेच. म्हणून आपल्याकडच्या निम्म्या जुन्या फोर्डना जीपची चाकं आहेत. पाच भोकांत समोरासमोर माप घेता येत नाही, तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजा. ते ब्याऐंशी मिलिमीटर आलं की वर्तुळ साडेपाच इंची. १९३६ ते १९३९ च्या फोर्डना मात्र सव्वादहा इंची मोठं वर्तुळ होतं, ते लांबूनच कळतं.

नंबर आणि आटे

त्या काळच्या फोर्डवर बॉडीला गाडीचा नंबर नाही. नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर ठोकलेला असतो आणि बऱ्याचदा बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. म्हणून आरसीवरचा नंबर चासीशी जुळला तरी वरच्या पत्र्याबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. पत्र्याबद्दल सांगतात ते सुट्या भागांचे क्रमांक. हँडल, बिजागरी, कंस, दिव्याचे पाय यांच्यावर फोर्डचे क्रमांक सापडतात आणि त्यांच्या सुरुवातीच्या अक्षर-आकड्यांवरून तो भाग मुळात कुठल्या मॉडेलसाठी काढला ते कळतं. ‘ए’ म्हणजे मॉडेल ए, ‘बी’ म्हणजे १९३२ ची चार सिलिंडर, ‘१८’ म्हणजे १९३२ ची व्ही-८, ‘४०’ म्हणजे १९३३-३४, ‘४८’ म्हणजे १९३५, ‘६८’ म्हणजे १९३६, ‘७८’ म्हणजे १९३७. जुना भाग पुढच्या वर्षांतही वापरत असत, म्हणून ‘४८’ लिहिलेली बिजागरी १९३६ च्या गाडीवर असणं चूक नाही. पण ‘७८’ लिहिलेला कंस १९३४ च्या गाडीवर कारखान्यातून येणं शक्य नाही.

क्रमांक दिसत नसेल तर आटे बघा. यासाठी बोल्ट बघू नका, बोल्ट शंभरदा बदललेले असतात. पत्र्याला आतून कायमचे बसवलेले नट बघा. अमेरिकन बारीक आटा ५/१६ ला इंचात चोवीस, इंग्लिश बीएसएफ बावीस. अर्ध्या इंची जाड्या आट्यात अमेरिकन तेरा, इंग्लिश व्हिटवर्थ बारा. फियाटकडचं काही असेल तर सरळ मिलिमीटर. पाव इंची जाडा आटा मात्र दोघांचाही इंचाला वीसच, त्यावरून काही ठरत नाही. आट्यांचा गेज उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं मिळेल, चहा पाजलात की तो स्वतःच येऊन मोजून देईल.

रंगाचा डोळा

माझ्या मते सगळ्यांत बोलका पुरावा हाच. पत्र्यावर रुपयाएवढ्या जागेत चारशेचा पॉलिश पेपर पाणी लावून गोल गोल घासा. मध्ये धातू उघडा पडेपर्यंत घासायचं, पण कडेकडेला हात हलका ठेवायचा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसायला लागतात, प्रत्येक वर्तुळ म्हणजे एकेकाळचा रंग. असा डोळा काऊलवर करा, दारावर करा, मडगार्डवर, मागच्या पत्र्यावर करा, आणि प्रत्येकाचा क्रम आतून बाहेर वहीत लिहा. एकाच गाडीचे पत्रे असतील तर आतले थर सारखे असतात. परका पत्रा ज्या वर्षी आला त्यानंतरचे थर तेवढे जुळतात. त्या पोराच्या गाडीत काऊल आणि मागच्या पत्र्याला तळात हिरवा होता, दारांना तळात लालसर तपकिरी, आणि सगळ्यांवर त्यानंतर एकच करडा. म्हणजे दारं त्या करड्या रंगाच्या वेळी बसवलेली. डोळा नेहमी आडोशाच्या जागी करा, दाराच्या दुमडीत किंवा मोल्डिंगखाली. उघड्यावरचे थर मागच्या डेंटरनं खरवडलेले असू शकतात.

घासताना मास्क लावा. जुन्या रंगात शिसं असतं. जुन्या सांध्यांतही शिसं-कथील भरलेलं असतं. चुंबक लांबीवरही लागत नाही आणि शिशावरही लागत नाही, पण टोकानं ओरखडलं की लांबीची पांढरट भुकटी पडते आणि शिसं चांदीसारखं चमकतं. शिसं सापडलं तर सांधा जुना, बहुधा कारखान्यातला किंवा जुन्या हाताचा. ते ग्राइंडरनं उडवू नका.

सांधेही काळ सांगतात. कारखान्याचे वेल्डिंगचे टाके एकसारख्या अंतरावरच्या गोल खळ्या असतात. पितळ दिसलं तर जुन्या मिस्त्रीचं काम. मिग वेल्डिंगची उभी माळ दिसली तर कालपरवाचं.

आणि आतली माती. काऊलच्या पोकळीतून, दाराच्या तळातून चिमूटभर माती काढून कागदावर ठेवा. गगनबावडा, राधानगरी, कोकणाकडच्या गाडीत तांबडी माती निघते. शिरोळकडची काळी. पूर बघितलेल्या बॉडीत आडव्या जागांवर बारीक, गुळगुळीत गाळाचा थर बसलेला असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं किती तरी गोदामं भरली. एका दारात गाळ आणि दुसऱ्यात तांबडी माती असेल तर ती दोन दारं एका छपराखाली राहिलेली नाहीत. मातीवरून गाडीचं मॉडेल कळत नाही, पण शंका कुठं घ्यायची ते कळतं.

जीपची बॉडी असेल तर

आपल्या भागात खरं तर फोर्डपेक्षा जीपच जास्त सापडते आणि तिच्यात सरमिसळही जास्त. पुढची जाळी मोजा: युद्धकाळच्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूच्या ठोकलेल्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी आणि दिवे आत दबलेले, नागरी सीजेला सात फटी आणि दिवे मोठे. युद्धकाळच्या जीपला मागं उघडणारं फळकूट नाही, सीजेला आहे. पेट्रोलचं तोंड युद्धकाळच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली, सीजेला बाहेर बाजूला. महिंद्रानं वर्षानुवर्षं बनवली ती उंच बॉनेटवाली सीजे-३बी, तिचं बॉनेट बुटक्या जाळीवर बसत नाही. फोर्डच्या जीपच्या भागांवर आणि बोल्टच्या डोक्यांवर फोर्डचा ‘एफ’ ठोकलेला असतो. पुढचा आडवा दांडा विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा चौकोनी. युद्धकाळची म्हणून विकलेल्या जीपच्या फायरवॉलला डाव्या बाजूला स्टिअरिंगचं बुजवलेलं भोक आहे का ते बघा, कारण त्या सगळ्या डाव्या हाताच्या होत्या.

मग काय कापायचं

वही भरली की पत्र्यांचे तीन ढीग करा. काऊलचे स्वतःचे पत्रे एका बाजूला. परके पण साधे, सडके किंवा बॅरलच्या पत्र्याचे दुसऱ्या बाजूला. हॉट रॉडसाठी हवे तसे हेच कापा. तिसरा ढीग परक्या पण अस्सल पत्र्यांचा. १९३४ चं न कापलेलं बॉनेट, जीपीडब्ल्यूची जाळी, मॉडेल ए चं रेडिएटर कवच असं काही हाती आलं तर ते कापू नका. ते ज्याच्या गाडीला कमी आहे असा माणूस कुठं तरी शोधत बसलेला असतो, आणि त्याच्याकडून बदल्यात तुम्हाला हवं ते मिळतं.

कागदाचंही इथंच ठरतं. २०२१ च्या जुलैत केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. हॉट रॉड त्यात बसत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून ओळख पटवताना असं दिसलं की काऊल, दारं, मागचा पत्रा, चासी सगळं एकाच गाडीचं आहे, तर हॉट रॉडचा विचार सोडा आणि ती गाडी मूळ रूपात उभी करा. मी असं काम आलं की गिऱ्हाइकाला हेच सांगतो आणि कापायला नकार देतो. सरमिसळ बॉडीची हॉट रॉड प्रदर्शनासाठी, खासगी जागेत चालवण्यासाठी खुशाल करा, पण आरटीओत आधी विचारून घ्या.

गडहिंग्लजच्या पोराचं असं ठरलं: मॉडेल ए चं काऊल आणि मागचा पत्रा ठेवायचा, आखूड केलेलं १९३४ चं बॉनेट आधीच कापलेलं असल्यामुळं तेच वापरायचं, शेवरोलेची दारं सोडून द्यायची आणि काऊलच्या पुठ्ठ्यावरून नवीन दारं ठोकायची. सगळं आधी नुसतं वेल्डिंगच्या टाक्यांवर उभं करायचं, दारं उघडून-मिटून बघायची, चाकं लावून जमिनीवर उतरवायचं, पुन्हा कर्ण मोजायचे आणि मगच पूर्ण वेल्डिंग.

प्रत्येक पत्र्याला आतून पेंट मार्करनं नंबर टाका. खडूचा पुसून जातो. तोच नंबर वहीत, त्यापुढं काय सापडलं ते, आणि मोबाईलवर फोटो. ज्या ज्या जागी डोळा घासलाय तिथं त्याच दिवशी प्रायमरचा हात मारा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात उघडा पत्रा एका रात्रीत तांबडा पडतो.